मेघाचा रुसवा

बपेरा
१८ फेब्रुवारी २०२५

मेघे,

आशीर्वाद मागून देतो, आधी राग घे.

फोन करत नाही. फोनवर तू दोन वाक्यं बोलते, मंग नाकातून बोलते, मंग ठेवूनच देते. साक्षगंध झाल्यावर तीनदा लावला, तीनदा ठेवला. म्हनून लिहून राहिली. तुह्यावानी बी.ए. नाही मी, सातवी शिकली. पन राग लिहाले सातवी पुरते.

माह्या पोरीचं, रिताचं साक्षगंध. मध्यप्रदेशातून दोन गाड्या भरून पाहुने आले. पोरगा राजकुमार गुनाचा, त्याची माय शकुनबाई बोलाले करारी पन मनानं मोकळी. साऱ्या बाया हासून-खेळून होत्या. आनं माह्या सख्ख्या भावाची पोरगी, जे ज्या मांडवात जाये तो मांडव गान्यानं उचलून धरे, ते कशी बसली होती? हनुवटीले हात लावून! शुभकार्यात कोनी हनुवटीले हात लावून बसते काय वो? शकुनबाई तुह्यापाशी आली, हासली, तं तुह्या तोंडावरची रेषही हालली नाही. उलट ओठ असा केला, जशी दात खाऊन राहिली. गानं म्हन म्हटलं तं मान हालवली. आनं पंगतीत पाहुन्याइच्या बाया अर्ध्याही जेवल्या नव्हत्या, तं तू पत्रावळ सारून, तोंडाले पदर लावून उठून गेली!

शकुनबाईनं मले आत नेऊन विचारलं, "तुमच्या भाचीले हे सोयरीक पसंत नाही काय?" सांग, मी काय सांगू? पाहुने गेल्यावर रिता रडत होती.

तुहे गाल तं चांगले भरले आहेत. म्हनजे घरी सुख आहे. मंग काय खुपते तुले? लग्न मे महिन्यात आहे. मनात काय आहे ते साफ लिह.

तुही आत्या (सध्या तरी),
कुंता


आंधळगाव
२३ फेब्रुवारी

आत्या,

राग भेटला. पुरून उरला. आता माहं ऐक, आणि बसून ऐक.

सकाळी लिहून राहिली. गोळी घेतली की थोडा वेळ मी पहिलेची मेघा असतो, तेवढ्यात लिहून घेतो. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला आहे, नाही तर एका ओळीच्या दोन ओळी दिसतात. खुशबूचे बाबा म्हणतात, दुकानात अशी बसली तर गिऱ्हाईक न मागता पैसे काढून देईन.

मी रुसली नाही वो आत्या. मले रोग आहे. मायस्थेनिया म्हणतात. दीड वर्ष झालं. पहिले डोळ्याच्या डॉक्टरनं चष्मा दिला. मग कोणी म्हणे अशक्तपणा, कोणी म्हणे बाहेरचं. शेवटी नागपुरात मोठ्या डॉक्टरनं ओळखलं. कसं सांगू तुले? धानाच्या बांधीले पाणी सोडलं, पाणीही चांगलं, बांधीही चांगली. पण आपलाच राखणदार पाटाच्या तोंडाशी बसून तोंड बुजवून राहिला. डोकं हुकूम सोडते, तो हातापायाले पोचतच नाही. राखणदार आपल्याच अंगातला आहे, म्हणून त्याले मारताही येत नाही. औषधानं त्याले गुंगवून ठेवावं लागते. गाल भरले ते त्या औषधानं. सारं गाव म्हणते, "सुधारली वो मेघा!" मी हो म्हणतो.

हनुवटीले हात लावला, कारण जबडा लोंबून राहिला होता. शकुनबाई हासली तेव्हा मीही हासली, पण हासू ओठापर्यंत आलंच नाही. पंगतीत चार घास चावले आणि पाचवा चावलाच गेला नाही, घशाखालीही उतरेना. पाहुण्याइच्या समोर तोंडातून घास पडला असता म्हणून उठली. मागच्या अंगणात जाऊन रडली, हेही लिहितो. रिताच्या साक्षगंधात मले किती हासाचं होतं!

गेल्या दिवाळीनंतर तुमच्या गावच्या मंडईच्या जत्रेले आम्ही आलो नाही, "दुकानात माल आला" म्हणून सांगितलं. तो माल मीच होती. श्वास अडकला होता, नागपूरच्या दवाखान्यात होती. तुहं मन हळवं, म्हणून लपवलं. आता लपवत नाही.

तुही,
मेघा


बपेरा
२ मार्च

मेघा, माह्या बाई,

पत्र वाचलं आनं चुलीवरचं वरन करपलं. आमचे हे, तुहे मामाजी, विचारत होते काय झालं, तं मी त्याइच्यावरच खेकसली. मंडईच्या दिवशी मी साऱ्या गावाले म्हनत होती, भाचीले पैशाचा माज आला. तोंड जळो माहं.

शेजारच्या ललिताबाईनं जंगलातली जडी देल्ली आहे, बांधून पाठवतो. काढा करून घेजो.

आता एक ऐक, आनं ओरडू नोको. तुहं पत्र भेटाच्या आधीच शकुनबाईचा फोन आला होता. काहीतरी सांगाच लागत होतं ना! मी सांगून टाकलं, "मेघानं तिच्या देरासाठी, सूरजसाठी, रिताले मागितलं होतं. आमी देल्ली नाही, म्हनून रुसली. मामाघरची पोरगी आहे, मान मागनारच." शकुनबाई म्हने, "असं होय! मले वाटलं काही वाईट आहे." आनं गोष्ट मिटली.

मले वाटते, ते तसंच राहू दे. लग्नघरात रुसवा कोनाले नवा आहे काय? रुसव्यानं सोयरीक मोडत नाही. रोगानं मोडते. घरान्यात रोग आहे असं एकदा पसरलं, तं रिताचं काय होईन? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू लग्नात ये, पन रुसलेलीच राह्य. एका कोपऱ्यात बस, कोनाशी बोलू नोको, मी सांभाळून घेतो.

राग नोको येऊ देऊ. माय आहो मी तिची.

आत्या


आंधळगाव
९ मार्च

आत्या,

वाचून इतकी हासली की सासूबाई धावत आल्या. आता माहं हासणं म्हणजे काय, हेही सांगून ठेवतो. तोंडानं जमत नाही, म्हणून हासू आलं की मी मांडीवर थाप मारतो. एकदा मारली तर साधं हासू, लागोपाठ मारल्या तर पोट धरून. घरचे सारे ओळखतात. खुशबू शाळेतून आली की एखादी थाप काढाले काय काय नकला करते! तर तुह्या पत्रावर माही मांडी लाल झाली. बिचारा सूरज! त्यानं वरठीच्या कारखान्यात सोबत काम करणाऱ्याच्या बहिणीशी केव्हाचं ठरवून ठेवलं आहे. त्याले समजलं की आपल्याले बपेऱ्यात नकार भेटला, तेव्हापासून मले "वहिनी, माहं काळीज तोडलं" म्हणून चिडवून राहिला.

हासून झालं. आता राग.

मूठ झाकाले सांगते, आत्या. मूठ झाकाले बोटं मिटावी लागतात. माही कधी मिटतात, कधी मिटत नाही. सकाळी वेणी घालतो, तर हात अर्ध्या वेणीत खाली येतात; उरलेली वेणी खुशबूचे बाबा घालतात, वाकडी. कणिक सासूबाई मळतात, पोळ्या मी बसून लाटतो. भात मऊ शिजवतो. सकाळी दुकान सांभाळतो, दुपारी पडून राहतो, कारण ऊन्ह चढलं की पापण्या शटरवानी पडतात. मग पुन्हा गोळी, पुन्हा उठणं. यातलं काहीच थांबलं नाही. कमी झालं, हळू झालं, पण माहं घर मीच चालवून राहिली. हे उभं कराले मले दीड वर्ष लागलं. आणि तू म्हणते, कोपऱ्यात रुसून बस.

मी रुसकी नाही. आजारी आहो. दोन्हीत आजारी म्हटलेलं मले परवडते.

हा रोग लागत नाही, आणि घराण्यात पिढीजात चालतो असाही नाही, असं डॉक्टर म्हणतात. जडी परत पाठवतो. ललिताबाईले सांग, माया पोचली. पण डॉक्टरले विचारल्याशिवाय मी तापाची गोळीही घेत नाही, काही औषधांनी माहा श्वास बंद पडू शकते. मी आपल्या तोंडानं शकुनबाईले सांगाले जाणार नाही, ते तुहं काम आहे. पण मले कोणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. आणि लग्नात मी येईन. रितासाठी गाईन. कसं ते पाहतो.

मेघा


बपेरा
१६ मार्च

मेघा,

घात झाला! शकुनबाई तुह्या घरी येऊन राहिली. येत्या शनिवारी. म्हने, "मामाघरचा मान राहिला पाहिजेन. भाचीले लुगडं नेसवतो, तिची समजूत काढतो, मंगच माह्या पोराले हळद लागन." मी नोको नोको म्हटलं, तं तिले वाटलं मी संकोचानं म्हनून राहिली.

आता सांगता येत नाही, मेघा. दीड महिना उरला. मांडव सांगितला, पत्रिका छापाले गेल्या. तू फक्त लुगडं घे आनं एकदा हास. एकच डाव. सकाळी बोलावतो त्याइले, तुह्या गोळीच्या वेळी. तुह्या पाया पडतो म्हटलं असतं, पन मोठी आहो.

कुंता


आंधळगाव
२३ मार्च

आत्या,

तुहा फोन उचलला नाही, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सूरजजवळ चिठ्ठी देऊन पाठवतो.

सकाळची वेळ ठरली होती. मी न्हाऊन, गोळी घेऊन, दुकान बंद ठेवून बसली. साऱ्या सकाळीत कोणी आलं नाही. तुमसरले लुगडं निवडत बसल्या होत्या म्हणे, दुकानदारानं सारं कपाट काढून दाखवलं. आल्या तेव्हा भर दुपार, लाइन गेलेली, कूलर बंद. शकुनबाई, तिची जाऊ आणि दोन बाया. सूरज तेवढ्यात ड्युटीवरून आला. बाया पाहून त्यानं मोटरसायकल तशीच वळवली आणि पळाला. नकार भेटलेला नवरदेव!

शकुनबाईनं लुगडं माह्या मांडीवर ठेवलं. जांभळं, हिरव्या काठाचं. ओटी भरली. मग माह्या पाठीवरून हात फिरवून म्हणे, "झालं गेलं जाऊ दे बाई. आता हास पाहू."

चारही बाया माह्या तोंडाकडे पाहत होत्या. मी तुहं नाव घेतलं मनात आणि खरंच हासाचा प्रयत्न केला, आत्या. देवाशपथ केला. ओठ असा वाकडा झाला की तिची जाऊ एकदम मागे सरली. शकुनबाई म्हणे, "अजून राग गेला नाही काय?"

तेव्हा मी ठरवलं. पापण्या दोन्ही पडल्या होत्या. एक पापणी बोटानं वर धरली, म्हटलं आता हिच्याकडे पाहूनच बोलाचं. आवाज नाकातून येत होता. थांबत, पाणी पीत बोलली. म्हटलं, "मी रुसली नाही, बाई. मी रिताले मागितलं नव्हतं, नकारही भेटला नाही. मले आजार आहे. तोंडाले हासता येत नाही. तुमी आल्या हे मले आवडलं, हे मी असं सांगतो." आणि मांडीवर थाप मारली. लुगड्यावरच पडली.

तिनं लुगड्यावरच्या माह्या हाताकडे पाहिलं. मग विचारलं, "हे रिताले होईन काय?" म्हटलं, "रिता धडधाकट आहे. डॉक्टर म्हणतात, हा पिढीजात नाही. पण कोणाले उद्या काय होईन, हे कोणी लिहून देते काय? मले तरी कोणी सांगितलं होतं?" मग तिनं विचारलं, "मग रुसव्याचं कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "ते आत्याले विचारा. घाबरली होती ती."

शकुनबाई उठली. चहा पिली नाही. जाताना लुगडं उचललंही नाही आणि 'नेस' असंही म्हणाली नाही. ते अजून खाटेवर पडून आहे.

रिताचं लग्न माह्यानं मोडलं, तर तुमच्या दारात कोणत्या तोंडानं येऊ, हा विचार जीव खाते. पण त्या वेळी दुसरं बोलता आलं नसतं. पुढेही बोलता येणार नाही.

मेघा


बपेरा
३० मार्च

मेघा,

बोललीच तू. थांबवलं नाही गेलं तुह्यानं. आठ दिवस झाले, तिकडून फोन नाही. आमी लावला तं उचलत नाही. तुहे मामाजी मांडववाल्याले काय सांगू म्हनून विचारून राहिले. साऱ्या गावात वास लागला आहे. तुह्या खरेपनाची आरती ओवाळू काय आता? तुले तं रोग झाला, त्याले औषध आहे. माह्या पोरीच्या मोडल्या सोयरिकीले कोनतं औषध आहे, सांग ना!

आनं ते रिता! तिले म्हटलं, पाह्य, तुह्या ताईनं काय केलं. तं म्हनते, "ताईच्या आजारापायी मोडत असन तं मोडू दे. उद्या मले काही झालं तं हेच लोक मले कोपऱ्यात बसवतीन." मी तिच्यावर हात उगारला. मारला नाही.

५ एप्रिल

वरचं रागात लिहिलं होतं, टाकलं नव्हतं. फाडत नाही, तसंच पाठवतो. तुले माहीत असावं मी काय काय बोलली ते.

काल शकुनबाईचा फोन आला. मी हात जोडूनच उचलला. ते बोलतच सुटली. म्हने, "आमी बालाघाटले डॉक्टरले विचारून आलो. रोगाचं मले काही नाही. माह्या सासऱ्याले चाळीस वर्षं दमा होता, मीच काढलं त्याइचं सारं. पन कुंताबाई, तुमी मले खोट्या रुसव्यापायी एवढी फिरवली! साऱ्या दुकानातली लुगडी उपसली मी. रुसलेल्या बाईले कोनता रंग चालन, याचा इचार करून करून डोकं दुखलं माहं. अशी फसवनूक?" मी म्हटलं, चुकली बाई. तिनं मले असं झापलं, असं झापलं, का माह्या सासूनंही कधी झापलं नव्हतं. मी सारं ऐकून घेतलं.

मंग शेवटी म्हने, "तुमची भाची गाते म्हनून ऐकलं. केव्हा गाता येते तिले?" मी म्हटलं, सकाळी. म्हने, "मंग हळद सकाळी लावा."

मेघे, लग्न होऊन राहिलं! हळद सकाळी आहे. बँडवाला कुरकुरला, बामन कुरकुरला, तुहे मामाजी म्हने आजवर आपल्याकडे हळद संध्याकाळीच लागली. मी म्हटलं, आजवर मेघा संध्याकाळी गाये.

तू येजो. ते जांभळं लुगडं नेसून येजो.

आत्या


आंधळगाव
१२ एप्रिल

आत्या,

पत्र दोन्ही तारखांचं वाचलं. वरचं वाचून वाईट वाटलं, खोटं कायले लिहू? पण तू फाडलं नाही, हे बरं केलं.

येतो. पण माह्या अटी आहेत. दोन दिवस आधी येईन, प्रवास आणि लग्न एका दिवशी जमत नाही. एकच गाणं म्हणीन, बसून. माह्यासाठी मऊ भात आणि वरण वेगळं काढजो. मी आत बसून जेवीन, आणि कोणी "पंगतीत काहून नाही बसली" म्हटलं तर तू सांगजो काहून ते. दुपारी मागच्या खोलीत कूलरपुढे झोपीन. तेव्हा "करवली झोपली" म्हणून कोणी हासलं तर हासू दे. रिताची पाठवणी मात्र मले उभ्यानं पाहाची आहे, त्यासाठी सारी ताकद राखून ठेवीन.

गाताना आवाज गेला तर घाबरू नको. जातेच तो. दुसऱ्या कोणी उचलून घ्या.

मेघा


बपेरा
२४ मे

मेघा, बाई माही,

घर रिकामं झालं. मांडव सुटला. रिता तिकडं रुळून राहिली, सासू-सुनेचं जमते असं दिसते. रोज फोनवर शकुनबाईच जास्त बोलते.

लोक अजून तुह्या गान्याचं काढतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत तुहा आवाज कसा पहिलेवानीच होता! तिसऱ्यात नाकात गेला, मंग गेलाच. पन शकुनबाईनं खाली पडू देल्लं नाही, तिच्या हिंदीत, तिच्या चालीत, भलतंच गानं जोडून देल्लं. साऱ्या बाया फिदीफिदी हासल्या. तेव्हा तू दोन्ही हातानं मांडीवर ढोलक वाजवल्यावानी सुरू झाली. आनं पाहुन्याइतली एक बुढी म्हने, "नवरीची बहीन तोंड पाडून काहून बसली?" मी तोंड उघडनार, तेवढ्यात शकुनबाईच तिच्यावर वरडली, "डोळे फुटले काय बुढे? दिसत नाही, ते किती हासून राहिली!"

फोटो आले. साऱ्या फोटोत सारे दात काढून आहेत आनं तुहं तोंड जसंच्या तसं, जांभळ्या लुगड्यात. फोटोवाला म्हने, "ह्या ताईचा फोटो बदलून देतो, कॉम्प्युटरवर ओठ जरासे हासवता येतात." मी म्हटलं, हात लावून पाह्य, तुहेच दात हातात देतो.

हळदीचा मोठा फोटो काचेत बसवून समोरच्या भिंतीवर लावला. त्यात तुहा उजवा हात वर उचललेला आहे, थाप पडाचीच आहे. येनारा-जानारा विचारते, "ही कोन? एवढी रागात काहून?"

मी म्हनतो, भाची आहे माही. तोंड नोको पाहू. हात पाह्य तिचा.

तुही आत्या (कायमची),
कुंता